महागाई घरच्या घरी कशी कमी करावी

२०२५मध्ये महागाई कमी झाली हे तुम्हाला अजून कळलं नसेल, तर दोष तुमचा. तुम्ही पिशवी घेऊन मंडईत जाता आणि तिथे महागाई शोधता. ती तिथे नसते. ती महिन्याच्या १२ तारखेच्या सुमाराला दिल्लीतून जाहीर होते. वाण्याचं बिल हा फार तर तुमचा वैयक्तिक अनुभव झाला.

आधी भाषा सुधारा. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले, असं समजणारे लोक घराघरात आहेत. मुलगा गेल्या वर्षी चार इंच वाढला, यंदा एकच इंच. वाढीचा दर कोसळला! म्हणून काही त्याला परवाची पॅन्ट परत येत नाही. तशीच तुमची शाळेची फी.

आता 'बेस इफेक्ट' शिकून घ्या (गेल्या वर्षीचा आकडा फुगलेला असला की यंदाचा आपोआप लहान दिसतो), घरात फार कामाला येतो. वजन दिवाळी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी करायचं, चकल्या-करंज्यांसकट, आणि पुढे वर्षभर त्याच आकड्याशी तुलना करत राहायची. काही न करता माणूस बारीक होत जातो. ऑक्टोबर २०२४मध्ये भाजीपाला आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्क्यांनी महागला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये तोच २७ टक्क्यांहून जास्त स्वस्त झाला आणि एकूण महागाई ०.२५ टक्क्यावर आली. हिशेब करा: शंभराची भाजी एकशे बेचाळीसला गेली आणि एकशे तीनच्या आसपास परतली. तुम्ही मात्र त्या तीन रुपयांवर अडून बसता. मोठं चित्र बघायला शिका. (चष्म्याचा खर्च ज्याचा त्याने करावा.)

अधूनमधून भाव खरोखरच पडतात, हेही मान्य करायला हवं. तेव्हा पेढे वाटा, पण लासलगावच्या कांद्याच्या बाजार समितीत वाटायला जाऊ नका. तिथे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात आणि लिलावात मिळालेल्या भावातून मजुरी, भाडं, साठवणीच्या चाळीत सडलेला माल वजा करून शेतकऱ्याच्या हातात काय उरतं, हा प्रश्न पेढा हातात धरून विचारणं बरं दिसत नाही.

मागणी-पुरवठ्याचा नियम कांद्यालाही लागू आहे, फक्त उताराच्या बाजूने. माल जास्त आला, भाव पडला की तो बाजाराचा नियम, सरकार त्यात काय करणार? माल कमी आला, भाव चढला की तो मात्र राष्ट्रीय प्रश्न. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. ही बंदी उठली ४ मे २०२४ला, तीही टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क अशा अटींवर. नाशिक-दिंडोरीत २० मेला लोकसभेचं मतदान होतं, हा योगायोग. पुढे सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ला संपलं. तोवर परदेशातल्या गिऱ्हाइकाने तुमच्यासाठी थांबून राहायला हवं होतं, पण या लोकांना निष्ठा म्हणून नसतेच. तुमचा वाणी पाच महिने कुलूप लावून गावाला गेला, तर तुम्ही त्याच्या पायरीवर बसून राहाल ना? तसं.

व्याजाबद्दल थोडक्यात. २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. आनंद झाला असेल, तर आधी आईला फोन करा. तिची ठेव त्याच वर्षी मुदत संपून नव्या, कमी दराने बसली असेल. तुमचा घरकर्जाचा हप्ता बँकेने तेवढाच ठेवून मुदत कमी केली असेल, म्हणजे आनंद तुम्हाला मिळेल, पण २०४०च्या सुमाराला.

राहिला बेरोजगारीचा प्रश्न. घरात शिकलेला, रिकामा पुतण्या असेल तर घाबरू नका. सरकारी पाहणीत चालू साप्ताहिक स्थिती नावाची एक मोजपट्टी आहे. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलेलं असलं, तरी माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत केली तरी चालते. तेव्हा त्याला शनिवारी तासभर काकाच्या दुकानावर बसवा. पंख्याखाली मोबाइल बघत बसला तरी हरकत नाही, गल्ल्याजवळ असला म्हणजे झालं. एमए पुतण्या, रोजगार पक्का.

फक्त स्थळ बघायला जाल तेव्हा ही मोजपट्टी सोबत नेऊ नका. मुलीकडचे अजून जुन्या पद्धतीनेच मोजतात.