तोडीच्या हिशेबात माती कुठे आहे?

कोकणात खासगी जंगल तोडायला दिलं की भाव ठरतो लाकडावर. गाड्या किती भरल्या, कोळसा किती निघाला. झाडाखालच्या मातीचा विषय कुणी काढत नाही, आणि माझ्या मते मोठा तोटा तिथेच होतो.

जगभरच्या जमिनीच्या वरच्या एका मीटरमध्ये सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेत आहे त्याहून कितीतरी जास्त! जंगलातली माती सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असते. काही पातेरा कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंचा, काही जिवंत मुळांचा. उत्तर स्वीडनमध्ये शास्त्रज्ञ पीटर हॉगबर्ग आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या बुंध्याभोवतीची साल गोल काढली, म्हणजे पानांतली साखर मुळांपर्यंत पोचणंच बंद. झाडं उभीच होती, तरी एक-दोन महिन्यांत मातीतून येणारा वायू सुमारे ५४ टक्क्यांनी घटला. हे २००१ साली प्रसिद्ध झालं.

म्हणूनच तोडीनंतर लगेच मोजलं तर या वायूचा आकडा उतरलेला दिसू शकतो आणि कुणी म्हणेल, बघा, काही बिघडलं नाही. ते फसवं आहे. मुळांचा श्वास थांबलेला असतो, कुजणं नाही. उघड्या मातीवर ऊन पडतं, मेलेली मुळं सडायला लागतात आणि वरून नवा पाला येत नाही. समशीतोष्ण जंगलांतल्या अभ्यासांचा २०१० साली एकत्र आढावा घेतला गेला. तोडीमुळे मातीतला कार्बन सरासरी ८ टक्के घटला होता, पण वरच्या पाचोळ्याच्या थरातला तब्बल ३० टक्के. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उतार आहेत, जांभ्यावर मातीचा थर पातळ. इथे हा वरचा थर उघडा पडला की पहिल्याच पावसाळ्यात ओढ्याला लागतो.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण बाकीच्या कोकणाचं काय? जमीनमालकाला मी दोष देत नाही, घरात लग्न किंवा आजारपण निघालं की जंगलच विकलं जातं. परवाना देणाऱ्यांकडून मात्र अपेक्षा आहे. फांद्या-पाला जागेवरच राहू द्या, जाळू नका, उतारावर जेसीबी घालू नका. आणि मोजा. शेतकऱ्याच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे याच कार्बनचा, आकडा आजही असतो, म्हणजे तपासणीची सोय आहेच. तोडीआधी आणि तीन वर्षांनी त्याच जागेचा कर्ब तपासून परवान्याच्या फायलीला जोडा.