‘फुकटातलं’ म्हणालात म्हणून हे उत्तर

नमस्कार. क्यूजीआयएस, ग्रास वगैरे ओपन सोर्स मंडळी (संगणकावर नकाशे करायची, कुणालाही मोफत वापरता येणारी सॉफ्टवेअरं) संशोधनात कशी पसरली यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक जीआयएसवाला’ अशा नावाने तुमची प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लेखात आकडेवारी नाही, सरकारी टेंडरात अजून आर्कजीआयएसच (त्याच कामाचं विकतचं सॉफ्टवेअर) मागतात, मोठा डेटा टाकला की क्यूजीआयएस लटकतं, आणि शेवटी हे वाक्य: "कोकणात बसून फुकटातलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी संशोधनाच्या गप्पा मारू नयेत."

लटकतं, हे मान्य. माझंही लटकतं, कर्सर नुसता गरगरत बसतो. टेंडरचं म्हणाल तर ती कुणाच्या जुन्या मसुद्यावरून उतरवतात हे तुम्हालाही माहित्येय, त्यात मी पडत नाही. आकडे हवेत तर जर्नलं चाळा, २००८ मधे लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या चित्रांचा साठा मोफत झाल्यापासून पुढचे पेपर बघा म्हणजे कळेल.

आता ते शेवटचं वाक्य. मुद्दा मांडायचा तर मांडा की, पण ही काय बोलायची रीत झाली, तीसुद्धा टोपणनावाआडून? आणि ‘कोकणात बसून’ म्हणजे काय हो? खाड्या इथे, खारफुटी इथे, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते चिपळूण इथे, मग अभ्यास काय पुण्याच्या मगरपट्ट्यात एसी लावून करायचा? त्या पुराचा नकाशा करायला सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कामाची नाहीत, जुलैत आमच्याकडे ढग हटतच नाहीत, सगळं पांढरं. ढगांतून आरपार बघणारं रडारवालं सेंटिनेल-१ लागतं. त्यात उघड्यावरचं सपाट पाणी काळं दिसतं कारण रडारच्या लहरी त्याच्यावरून पलीकडे निसटतात, पण घरांच्या मधे तुंबलेलं पाणी भिंतींमुळे उलट उजळ दिसू शकतं, आणि नवखा माणूस बाजारपेठच कोरडी दाखवून मोकळा होतो. हा डेटा युरोपियन स्पेस एजन्सी मोफत देते आणि तो उघडायला लागणारं स्नॅप हे सॉफ्टवेअरही तीच देते. काढा त्यांनाही फुकट्यांत.

ग्रास तर अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात तयार झालं, हौशी पोरांनी नाही. क्यूजीआयएस गॅरी शर्मन यांनी २००२ मधे सुरू केलं. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मधे सुरू केलेलं जीडॅल (नकाशांच्या नाना तऱ्हेच्या फायली वाचणारा ओपन सोर्स कोड) तर तुमच्या त्या महागड्या आर्कजीआयएसच्याही पोटात आहे. म्हणजे फुकटातलं तुम्हीपण वापरता साहेब, फक्त पैसे देऊन.

आणि माझ्या गप्पांबद्दल. मी रत्नागिरीत एका सर्व्हे कन्सल्टंटकडे नोकरीला होतो, नाव घेत नाही. लायसन्सचं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची किल्ली) एकच, ते साहेबांच्या मशीनला, आम्ही पोरं ताटकळत. तेव्हा खाडीकाठच्या एका गावाचा कापडी गावनकाशा मी रात्री घरी क्यूजीआयएसमधे त्याच्या खऱ्या जागेवर बसवला. दमट हवेत राहून कापड कुठे ताणलेलं, कुठे आक्रसलेलं. शिवेवरचे दगड धरून पॉइंट दिले तर डोंगराकडची बाजू बसायची आणि खाडीकडचे गट पाण्यात जायचे. शेवटी थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा जागोजागी रबरासारखा ताणून बसवायची पद्धत) लावली तेव्हा बांधावर बांध आला. पण तिथेच फसगत असते, कारण या पद्धतीत दिलेल्या पॉइंटांवर चूक शून्यच दिसते, नकाशा चुकलेला असला तरी, म्हणून काही दगड मुद्दाम न देता बाजूला ठेवायचे आणि शेवटी त्यांच्यावर तपासायचं. हे मला कुठल्या कंपनीच्या ट्रेनिंगने शिकवलं नाही, मेलिंग लिस्टवर अनोळखी लोकांनी रात्री जागून शिकवलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला न हसता. तुम्हाला माझं मराठीही झेपलं नाही असं दिसतंय.

असो, जास्त बोलत नाही. प्रतिक्रिया उडवलेली नाही, राहू दे तिथेच. पुढच्या वेळी खरं नाव लिहा आणि कुठल्या खाडीवर काम केलंय तेही लिहा. आणि तुमच्याखाली दोन मिनिटांत ‘अगदी योग्य बोललात’ लिहून गेलेले ते दुसरे गृहस्थ, ‘योग्य’चं शुद्धलेखन तुमच्यासारखंच चुकवतात, तेवढं बघा.