‘वाळवंटातलं कासव’ म्हणून पिल्लाला कोरडं ठेवू नका

सल्काटा कासवाचं पिल्लू घरी आलं की एक फॉरवर्ड हमखास येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: हे वाळवंटातलं कासव आहे, काचेच्या टाकीत कोरडी वाळू घालून ठेवा. वर एक साधा बल्ब लावा. पाण्याची गरज नाही आणि ओलावा तर अजिबात नको, न्यूमोनिया होतो. काकडी, कोबी, लेट्यूस द्या. पाठीवर उंचवटे आले तर प्रथिनं जास्त झाली समजा. थंडीत झोपलं तर उठवू नका. एकटं कंटाळतं म्हणून जोडी आणा. आणि टाकी लहान असली की कासवही लहानच राहतं.

यातलं जवळजवळ सगळं चूक आहे. सगळ्यात घातक आहे ती पहिली ओळ, कारण बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

गोंधळाला थोडी आपली भाषाही कारणीभूत आहे. तळ्यात पोहणारं तेही कासव आणि रानात चरणारं तेही कासव. त्यामुळे पाण्यातल्या कासवाची टाकी जमिनीवरच्या पिल्लाला दिली जाते, नाहीतर ‘हे पाण्यातलं नाही ना’ म्हणून त्याचं पाणीच तोडलं जातं. इथे फक्त सल्काटाविषयी बोलतो आहोत. आपल्याकडचं तारा कासव, ज्याला सगळे ‘स्टार’ म्हणतात, ते घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. २०१९ पासून ते सायटीसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टातही आहे. ते कोणी ‘शुभ असतं’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. सल्काटा आफ्रिकेतलं असलं तरी सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात येतं, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. नोंदणीचे कागद नसलेलं पिल्लू स्वस्त मिळालं तरी नको.

आता ‘वाळवंटातलं कासव’ याविषयी. सल्काटा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं, सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंतचं. वरची जमीन रखरखीत असते, हे खरं. पण तिथली कासवं दिवसभर त्या उन्हात बसून राहत नाहीत. ती खोल बिळं खणतात आणि दिवसाचा तापलेला भाग त्या बिळात काढतात. बिळातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी दमट असते. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम पाच सेंटिमीटरचं, वजनाला साधारण ३०-४० ग्रॅम. एवढ्याशा अंगातलं पाणी कोरड्या हवेत भराभर उडतं, म्हणून रानातली पिल्लं गवताच्या बुडाशी, ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली दडून राहतात. बल्बखाली कोरड्या वाळूत ठेवलेलं पिल्लू मोठ्या कासवापेक्षाही कोरड्यात जगत असतं.

पाठीवरच्या उंचवट्यांचं मूळही इथेच आहे. प्रथिनांना दोष देणारा समज जुना आहे, पण तो तपासला गेला आहे. वीस्नर आणि इबेन या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सल्काटाची ५० पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर ठळक उंचवटे आले आणि दमट हवेतल्यांच्या पाठी कितीतरी गुळगुळीत राहिल्या. प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. पिल्लू हातात घेऊन पाठ नीट बघा. कवचावरच्या दोन कप्प्यांच्या मधे फिकट, जवळजवळ पांढरी रेघ दिसते, ती नवी वाढ. दमट घरात ती रेघ सपाट असते आणि बोटाला मऊसर लागते. कोरड्या घरात ती खोल खाचेसारखी बसते आणि कप्प्याचा मधला भाग वर उचलला जातो. एकदा आलेला उंचवटा खाली बसत नाही, पुढची वाढ तेवढी सपाट होऊ शकते.

‘ओलाव्याने न्यूमोनिया होतो’ यात अर्धंच खरं आहे. ओलं आणि गार ही जोडी श्वासाचा आजार आणते. ओलं आणि गरम असलं की आणत नाही. म्हणून नियम असा: आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास ठेवायची तर पेटीतलं तापमान रात्रीसुद्धा २६-२७ अंशांच्या खाली जाता कामा नये. दिवसा सावलीतला भाग २८ ते ३० अंश आणि दिव्याखालची जागा ३५ ते ३७ अंश. मोजमाप पिल्लाच्या पाठीच्या उंचीला करायचं. भिंतीवर वर चिकटवलेला तापमापक वरच्या हवेचं सांगतो आणि पिल्लू राहतं तळाला.

आता पेटी. वरून उघडी टाकी गरम दमट हवा धरून ठेवू शकत नाही, ती हवा वर उठते आणि निघून जाते. मग माणसं दिवसातून सहा वेळा फवारा मारतात आणि तासाभरात सगळं पुन्हा कोरडं होतं. म्हणून पेटी वरूनही बंद हवी आणि दिवे आतच हवेत. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी प्लायवूडची पेटी पहिलं दीड-दोन वर्षं पुरते. साधं प्लाय या दमटपणात फुगतं, म्हणून मरीन प्लाय घ्या, आतून पाणीरोधक रंगाचे दोन हात द्या आणि कडा सिलिकॉनने भरा. रंग आणि सिलिकॉन पूर्ण वाळून वास जायला आठवडाभर तरी द्या. पुढे सरकती काच किंवा अॅक्रिलिक, बाकी तीन बाजू अपारदर्शक. पारदर्शक भिंत पिल्लाला भिंत वाटतच नाही, ते तासन्‌तास तिला धडका देत चालत राहतं. घरात माशांची जुनी टाकी असेल तर ती फेकायला नको: तीन बाजूंना बाहेरून कागद लावा, वर घट्ट झाकण बसवा, तेवढ्यावर काही महिने निघतात.

वाळू मात्र नको. ओल्या पानाला चिकटून ती पोटात जाते आणि आतड्यात साठते. देवदार-पाइनचा भुसाही नको, त्याच्या तेलाने श्वास बिघडतो. आपल्याकडे सोयीचं म्हणजे कोकोपीट. त्यात समुद्राकाठच्या काथ्याचं मीठ असतं, म्हणून वीट बादलीत भिजवून, पिळून, पाणी दोन-तीनदा बदलायचं. वरच्या पेटीला दहा सेंटिमीटर थर द्यायचा तर सुमारे ७० लिटर फुगलेलं कोकोपीट लागतं. नर्सरीत पाच किलोची ठोकळी मिळते, त्यातली एक जवळजवळ पुरते. खतं मिसळलेलं तयार मिश्रण घेऊ नका. हाताने थापून ते चांगलं दाबा, भुसभुशीत थरात पिल्लाचे पाय रुततात.

ओलावा द्यायची पद्धत बहुतेकांची इथे चुकते. वरून फवारा मारला की वरचा थर चिंब आणि खालचा कोरडा राहतो. पिल्लाचं पोट सतत ओल्यावर घासतं आणि खालच्या कवचाला बुरशी लागते. तसं न करता तांब्याभर कोमट पाणी पेटीच्या चारही कोपऱ्यांत थोडं थोडं ओता. ते तळाला पसरतं, तळ ओला राहतो आणि वरचा थर हाताला जेमतेम दमट लागतो. आठवड्यातून एकदा खालीवर करा. कोपऱ्यात पांढरी बुरशी धरली तर तेवढा भाग काढून टाका. ती बहुतेक वेळा उरलेल्या पाल्यावर येते, तेव्हा संध्याकाळी पाला उचलायची सवय लावा.

‘एक साधा बल्ब’ पुरत नाही, कारण पिल्लाला दिव्याकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्यात, ऊब आणि अतिनील-बी (यूव्ही-बी) किरण. उबेसाठी ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब, तळापासून साधारण ३० सेंटिमीटर वर, १२ तास, टायमरवर. एलईडी ऊब देत नाही. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, चिनी मातीच्याच होल्डरमध्ये, कारण प्लास्टिकचा होल्डर वितळतो. त्याला थर्मोस्टॅट लावा, अंडी उबवायच्या यंत्राला वापरतात तो चालतो, आणि २७ अंशांवर ठेवा. लाल-निळे ‘रात्रीचे’ बल्ब टाळा, त्यांचा उजेड कासवाला दिसतो. जमिनीखालून तापवणारी गादीही नको. रानात ऊब वरून येते आणि गरम झालं की कासव खाली खणतं, इथे ते खणत खणत गादीवरच जाऊन भाजतं.

अतिनील-बीसाठी लांब टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइटसारखी), दहा किंवा बारा टक्क्यांची, पाठीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास. हे किरण मिळाले नाहीत तर अंगात ड-३ जीवनसत्त्व बनत नाही. मग कॅल्शियम कितीही दिलं तरी हाडात उतरत नाही आणि कवच मऊ पडतं. नळीच्या आणि पिल्लाच्या मधे काच किंवा प्लास्टिक आलं की किरण अडतात. म्हणूनच खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही. नळी उजेड देत राहते पण किरण कमी होत जातात, तेव्हा वर्षभरात बदला. त्यापेक्षा चांगलं म्हणजे सकाळचं कोवळं ऊन, २०-३० मिनिटं, अर्धी सावली असलेल्या टोपलीत आणि समोर बसून. कावळा आणि मांजर क्षणात उचलतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर आठच्या आत. त्या दिवसांत दुपारी पेटीतला बल्बही बंद ठेवा, खोलीच ३८ अंशांवर असते आणि बंद पेटीत पिल्लू उकडून मरतं.

पाणी. पिल्लाला ते रोज हवं, दोन प्रकारे. एक, पेटीत कुंडीखालची मातीची ताटली, दोन सेंटिमीटर खोल, कड जमिनीच्या पातळीला येईल अशी पुरून. चकचकीत उभ्या कडेचं भांडं नको. त्यात पिल्लू उलटं पडलं तर बुडतं. दोन, रोज सकाळी पसरट डब्यात १५-२० मिनिटं कोमट पाण्यात बसवणं. पाणी ३२-३४ अंश, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तेवढ्याच उंचीचं. त्या पाण्यात ते पितं, विष्ठा करतं आणि युरेट, म्हणजे लघवीतला पांढरा घट्ट भाग, टाकतं. ते युरेट चिमटीत चोळून बघायची सवय ठेवा. टूथपेस्टसारखं मऊ असेल तर ठीक. खडूच्या भुकटीसारखं करकरीत लागलं तर पिल्लू कोरडं पडलं आहे आणि हेच पुढे मूत्राशयात खडा होऊन बसतं. डबा स्वयंपाकघरात धुऊ नका आणि पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कासवांच्या अंगावर असतो.

काकडी आणि लेट्यूस म्हणजे बहुतांशी पाणी. कोबी रोज दिला तर थायरॉइडला त्रास होतो आणि पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. सल्काटा हे चरणारं जनावर, त्याला गवत आणि पाला हवा. आपल्या भागात तो दारातच मिळतो: कोवळी हराळी बारीक चिरून, जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे. शेवग्याचा पाला आणि घोळ अधूनमधून. फळ नको. नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीत मुळांतून चढलेलं कीटकनाशक असतं, तिची नवी फूट यायला काही महिने जाऊ द्या. रस्त्याकडेचं, फवारलेलं गवतही नको. कॅल्शियमची पूड आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर. समुद्रफेसाचा तुकडा पेटीत ठेवून द्या, हवं तेव्हा पिल्लू कुरतडतं. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. पाला दगडी फरशीच्या तुकड्यावर ठेवला तर तोंडात कोकोपीट कमी जातं आणि चोचही झिजते.

थंडीत झोपणारी कासवं आहेत, पण सल्काटा त्यांच्यातलं नाही. नाशिक-पुण्यात डिसेंबरात पिल्लू डोळे मिटून कोपऱ्यात बसलं तर ते झोपलेलं नाही, गारठलेलं आहे. आधी तापमान बघा, कोमट पाण्यात बसवा. नाकाला फुगे असतील किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे न्या. वीज जाते तिथे पेटीवर टाकायला जाड गोधडी आणि आत ठेवायला फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या तयार असू द्या. बंद पेटी तेवढ्यावर तीन-चार तास ऊब धरते.

जोडी आणू नका. दोघांत एक दुसऱ्यावर चढतं, वाट अडवतं, त्याच्या जागेवर जाऊन बसतं. आपल्याला ती दोघं बिलगून झोपल्यासारखी दिसतात आणि त्यातल्या एकाचं वजन थांबलेलं असतं. दर रविवारी ग्रॅमचा काटा घेऊन वजन लिहून ठेवा, तो आकडा डोळ्यांपेक्षा आधी सांगतो.

राहिलं ‘टाकी लहान तर कासव लहान’. सल्काटा हे जमिनीवरच्या सगळ्यात मोठ्या कासवांपैकी एक. ४०-५० किलोंचं होणं नेहमीचं, नर त्याहूनही मोठे होतात आणि आयुष्य ७० वर्षांच्या पुढे जाऊ शकतं. लहान टाकीत ते लहान राहत नाही, वाकडं वाढतं आणि लवकर मरतं. दोन वर्षांत वर सांगितलेली पेटी अपुरी पडते. त्यानंतर हवं कुंपणाचं अंगण, भिंत दोन फूट उंच आणि एक फूट जमिनीत गाडलेली, कारण ते खणून बाहेर पडतं, शिवाय रात्रीसाठी बंद, उबेची खोली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हे होत नाही. अंगण नसेल तर पिल्लू न आणणंच बरं. आणलंच असेल, तर ते दहा किलोंचं व्हायच्या आत जमीन असलेला, नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्यायला तयार असलेला माणूस शोधायला आतापासून लागा. बाहेर कुठे रानात किंवा तळ्यात सोडून देणं हा त्यावरचा उपाय नाही: हे आफ्रिकेतलं जनावर आहे, पोहता न येणारं.