कुटुंबाच्या सोयीसाठी बिनछपराची गाडी

घरात एक गाडी असताना दुसरी घेण्याची इच्छा झाली, तर तिला इच्छा म्हणू नये, गरज म्हणावे. पहिल्या गाडीत पाच माणसे बसतात, त्यांचे सामान डिकीत मावते, पावसाचे पाणी आत येत नाही, आणि ती उभी करून निघाल्यावर एकदा वळून तिच्याकडे पाहावे असे कुणालाही, कधीही वाटलेले नाही. यांतला शेवटचा दोष असह्य झाल्यामुळेच आपण दुसऱ्या गाडीच्या शोधात आहात, हे आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही. परंतु घरात ते बोलून दाखवण्याची सोय नाही. घरात सांगायचे ते असे : पहिली गाडी एकाने नेली की बाकीच्यांचा खोळंबा होतो, जवळच्या फेऱ्यांसाठी एवढे मोठे धूड बाहेर काढणे पटत नाही, आणि लहान गाडी उभी करायला जागा कमी लागते. ही तिन्ही विधाने निर्विवाद खरी आहेत. त्यांच्यावरून छप्पर उघडणारी गाडीच घ्यावी असा निष्कर्ष मुळीच निघत नाही; पण चौथे वाक्य तिसऱ्याला लागूनच, मध्ये श्वास न घेता उच्चारले, तर ही फट सहसा कुणाच्या नजरेस येत नाही.

यानंतर घरच्यांपुढे एक गाडी ठेवू नये, दोन ठेवाव्यात. एकच पुढे केली तर चर्चा 'घ्यावी की घेऊ नये' यावर होते आणि तीत आपली हार ठरलेली असते. दोन पुढे केल्या की तीच माणसे 'ही बरी की ती बरी' यावर तावातावाने बोलू लागतात, आणि मुळात घ्यायचे कधी ठरले हे विचारायचे राहून जाते. या कामासाठी माझदाची एमएक्स-५ आणि मिनी कन्व्हर्टिबल ही जोडी मला सर्वांत सोयीची वाटते. दोन्ही लांबीला चार मीटरच्या आत आहेत, दोन्हींचे छप्पर कापडी आहे, आणि एकीत दोन आसने तर दुसरीत चार असल्यामुळे वादाला भरपूर वाव राहतो. चर्चेच्या ओघात एखादा समंजस नातेवाईक पाच दरवाजांच्या, पत्र्याच्या छपराच्या साध्या छोट्या गाडीचे नाव काढील. त्याला पुढच्या बैठकीस बोलावू नये.

एमएक्स-५ची बाजू मांडताना इतिहासापासून सुरुवात करावी, कारण इतिहासात आसने मोजली जात नाहीत. १९६०च्या दशकातल्या लोटस एलानसारख्या हलक्या ब्रिटिश रोडस्टर, म्हणजे दोन आसनी उघड्या गाड्या चालवायला अप्रतिम होत्या आणि सकाळी सुरू होतील की नाही याची खात्री नसे. त्यांतले पहिले ठेवून दुसरे काढून टाकावे, या विचाराने जपानी अभियंत्यांनी ही गाडी घडवली आणि १९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली, आणि सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची गिनीजच्या नोंदवहीत नोंद आहे. दहा लाख माणसे चुकतील का, असा सवाल येथे करावा आणि उत्तराची वाट पाहू नये. कारण त्या दहा लाखांपैकी कितीजणांच्या घरी आणखी एक, पाच माणसांची गाडी उभी होती, असा उलट सवाल येण्याचा संभव असतो.

गाडीमागचे तत्त्वज्ञानही सांगावे. जपानीत त्याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणे. ही कल्पना खरोखर सुंदर आहे आणि गाडी चालवताना ती खोटी वाटत नाही. वजन सुमारे एक टन, इंजिन पुढे पण शक्य तितके मागे सरकवलेले, ताकद मागच्या चाकांना, पुढच्या व मागच्या चाकांवर भार जवळजवळ सारखा. वळणावर स्टिअरिंग थोडे फिरवले की गाडी आपल्या मनातले ओळखल्यासारखी वळते. घोड्यावर स्वाराच्या मागे दोन मुले, त्यांची दप्तरे आणि आठवड्याची खरेदी कुठे बसवावी, याबद्दल मात्र हे तत्त्वज्ञान मौन बाळगते. २०१५ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या या गाडीची डिकी सुमारे १३० लिटरची आहे. लिटर हे माप येथे आपल्या मदतीला येते, कारण १३० लिटर दूध म्हटले तर ते प्रचंड वाटते. समोरच्या डॅशबोर्डात नेहमीचा कप्पा नाही. कुलूपबंद कप्पा आहे तो दोन आसनांच्या मधोमध मागच्या बाजूस, म्हणजे त्यातली वस्तू काढण्यासाठी स्वाराला घोड्यावर उलटे बसावे लागते. पेल्यासाठीचे धारक काढता-घालता येतात, आणि जागा इतकी काटेकोरपणे वापरलेली आहे की ते काढल्यावर ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरतो.

आता मिनीकडे वळू. हिच्या बाजूने एकच मुद्दा आहे, पण तो पुरेसा आहे : मागे दोन आसने आहेत. त्यांना पट्टे आहेत, त्यांवर लहान मुलांची आसने अडकवण्याच्या कड्या आहेत, आणि कागदपत्रांत 'चार' असा स्वच्छ अंक छापलेला आहे. प्रौढ माणसाने तेथे बसावे अशी कुणाचीच अपेक्षा नसते. त्या आसनांचे खरे काम घरातल्या चर्चेत असते आणि गाडी घरी आली की ते संपते. दौडती हवा मानेवर येऊ नये म्हणून या गाडीसाठी जाळीचा एक वारारोधक मिळतो. तो अत्यंत परिणामकारक आहे, आणि तो नेमका मागच्या आसनांवर आडवा बसवावा लागतो. चार माणसांची गाडी वाऱ्याच्या त्रासाने दोन माणसांची होते, आणि हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलेले असते. एवढा प्रामाणिकपणा मी फार थोड्या यंत्रांत पाहिला आहे. याचा उल्लेख अर्थातच करायचा नाही. वारारोधक नंतर, वेगळ्या खर्चाखाली आणावा.

मिनीच्या छपराची घडी पूर्णपणे पोटात जात नाही, तर मागच्या बाजूला गाठोडे ठेवावे तशी रचून बसते. त्यामुळे आरशातून मागचा रस्ता कमी आणि आपलेच छप्पर जास्त दिसते. २०१६च्या पिढीत छप्पर लावलेले असताना डिकी सुमारे २१५ लिटर असते, उघडले की १६० लिटर उरते. याचा अर्थ असा, की सहलीला निघताना सामान घ्यायचे की आकाश, हे आधी ठरवावे लागते. अशी निवड मुलांना जबाबदारी शिकवते, असे म्हणून पाहावे.

या गाडीच्या २००९च्या पिढीत एक अजब उपकरण दिलेले होते, आणि ते जुन्या बाजारात अजूनही दृष्टीस पडते. छप्पर उघडे ठेवून आपण किती वेळ गाडी चालवली, याची नोंद ठेवणारे ते घड्याळ आहे. बनवणाऱ्यांचा हेतू निर्मळ असावा. मालकाने अभिमानाने आकडा दाखवावा, इतकेच. पण घरगुती दृष्टीने पाहता, खरेदीच्या वेळी आपण जी जी कारणे दिली होती त्यांचा हा चालता-बोलता लेखापरीक्षक आहे. 'उघड्या हवेत फिरता येईल' या एका वाक्यावर ज्याने मंजुरी मिळवली, त्याला वर्षअखेरीस या काट्यासमोर उभे केले तर त्याचे काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. जुनी मिनी घेताना हा काटा असलेली घेऊ नये. किंवा घेतलीच तर भर थंडीत, कानटोपी घालून, घराभोवती छप्पर उघडे ठेवून घिरट्या घालण्याची तयारी ठेवावी.

एखादा जिज्ञासू विचारील की खड्ड्यावरून जाताना गाडी अंगात आल्यासारखी का थरथरते. खरे उत्तर असे की बंद गाडीचे छप्पर हे केवळ पावसापुरते नसते. ते चारी बाजू एकमेकींना धरून ठेवते. बुटांच्या खोक्याचे झाकण काढून ते पिळून पाहा, म्हणजे कळेल. मिनी मुळात बंद गाडी म्हणून जन्मली, मग तिचे झाकण काढले आणि झालेली हानी भरून काढण्यासाठी खालून पोलादाची भर घातली; त्यामुळे छप्पर गमावूनही ती बंद मिनीपेक्षा जड झाली. एमएक्स-५ पहिल्या दिवसापासून बिनछपराची कल्पिलेली असल्यामुळे तिला हे दुःख कमी आहे, पण अजिबात नाही असे नाही. एवढे सगळे घरी सांगत बसू नये. थरथरीचे कारण विचारल्यास 'रस्ता' असे म्हणावे.

छपराच्या बाबतीत निवड खरोखर कठीण आहे, आणि येथे मी थोडा हळवा होतो. मिनीचे छप्पर बटण दाबले की अठरा सेकंदांत विजेवर उघडते, तेही ताशी ३० किलोमीटर वेगापर्यंत गाडी चालू असताना. शिवाय अर्धेच सरकवून वर खिडकीपुरते आकाश ठेवता येते. एमएक्स-५च्या कापडी छपरासाठी एक खटका सोडून, बसल्या जागेवरून हात मागे नेऊन ते ढकलायचे असते, आणि सरावलेल्या हाताला त्याला विजेच्या मोटारीपेक्षा कमी वेळ लागतो. अचानक पाऊस आला की मिनीतला मनुष्य बटणावर बोट ठेवून सन्मानाने वाट पाहतो आणि एमएक्स-५मधला खांदा अवघडून घेतो. पण दुसऱ्याचे छप्पर आधी लागलेले असते. हा गुण घरी कुणालाही पटवता येणार नाही. तो स्वतःपाशी ठेवावा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, जुनी गाडी पाहताना दोघींच्याही गालिच्याखाली हात घालून ओल आहे का ते बघावे. छपरावरचे पाणी कडेच्या पन्हळींतून खाली जाते. त्यांत पाने-माती अडकली की ते आत उतरते आणि गाडीला कुबट वास धरतो. विक्रेता त्याला 'जुन्या गाडीचा खास गंध' म्हणेल. एमएक्स-५च्या पहिल्या पिढीत, म्हणजे झाकण उघडून वर येणाऱ्या दिव्यांच्या त्या लोभस गाडीत, मागची खिडकी काचेची नसून लवचीक प्लास्टिकची आहे. ती काळाने पिवळी पडते, थंडीत मोडते, आणि छप्पर उघडण्यापूर्वी तिची चेन सोडावी लागते. दुसऱ्या पिढीपासून काच आली. पिवळ्या खिडकीतून मागचे जग उन्हाळ्यातल्या संध्याकाळीसारखे दिसते, हा एक फायदा मानता येईल.

चाचणीची फेरी घरच्यांसह घ्यावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो पाळू नये. पाळणे भागच असेल तर मऊ उन्हाची, बिनवाऱ्याची सकाळ निवडावी, रस्ता असा निवडावा की ताशी पन्नासच्या वर जाण्याचा प्रसंगच येणार नाही, आणि मिनीच्या मागच्या आसनावर घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीला बसवून 'बघा, केवढी जागा आहे' असे उद्गार काढावेत. मोठ्या रस्त्यावर, कापडी छप्पर लावून, शेजारून मालट्रक जात असताना संभाषण होते का, याची परीक्षा खरेदीनंतर आपोआप होते.

एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून सांगायची आहे. दोन आसनी गाडीत तान्ह्या मुलाला न्यायचे तर त्याचे आसन पुढेच बसवावे लागते, आणि मागे तोंड असलेले बाळाचे आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायचे नसते. ती एअरबॅग बंद करता येते का, हे त्या विशिष्ट गाडीच्या पुस्तिकेत वाचावे, आणि येत नसेल तर हा लेख येथेच संपला असे समजावे. ज्यांची मुले मोठी आहेत त्यांनी पुढे वाचायला हरकत नाही.

माझे मत विचाराल तर ते सरळ आहे. ज्याला घरात सराईतपणे खोटे बोलता येते त्याने मिनी घ्यावी, कारण तिच्यात खोट्यासाठी दोन आसनांची सोय आहे. ज्याचा चेहरा लगेच पडतो त्याने एमएक्स-५ घ्यावी. तिच्याकडे पाहून कुणाचा गैरसमज होऊच शकत नाही, आणि घरचे एकदाच, एकाच दिवशी रागावतात. मिनीच्या बाबतीत ते दर सुटीला नव्याने रागावतात.

गाडी कोणतीही आली तरी पहिली विकू नये, हे सांगायला नकोच. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात. येथे ओझे सगळे घोड्यावर टाकून शिंगराला नुसते बागडू द्यायचे असते. कुटुंब सहलीला निघाले की दोन्ही गाड्या बाहेर काढाव्या लागतील : बॅगा, पाण्याचे डबे, छत्र्या आणि बहुतेक माणसे पहिलीत, आणि दोघेजण दुसरीत. आता पहिली गाडी कोणी चालवायची, हे ठरवताना सर्वांना अचानक आठवेल की तिची सवय आपल्यालाच सर्वांत जास्त आहे. ती मोठी आहे, भरलेली आहे, जबाबदारीने चालवावी लागते. आणि दुसरी गाडी तर कुटुंबाच्या सोयीसाठी आहे, असे आपणच पंधरा वेळा सांगितलेले आहे. तेव्हा जोडीदार आणि थोरले अपत्य छप्पर उघडून पुढे निघतील, आणि आपण काचा लावून, मागच्या आसनावरचे भांडण ऐकत, त्यांच्यामागून जाल. वळणावर ती थोडीशी झुकून, दोघांचे केस वाऱ्यावर सोडून, काय सुरेख वळते, ते आपल्याला अगदी नीट दिसेल.