गरीब व्हा, पण रीतसर

तर तुमच्या मनात पोराला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या नामांकित इंग्रजी शाळेत फुकट घालायचं आहे, आणि घर पाथर्डी फाट्याला, खाली गाडी उभी. अजिबात लाजू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० ला लागू झाला (तारखेला हसू नका). खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा त्यात वंचित आणि दुर्बल घटकांना आहेत. आपण दुर्बलमध्ये बसायचं. वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत, म्हणजे महिना ८,३३३ रुपये. एवढ्यात गाडीचा हप्ताही भागत नाही, पण दाखल्यावर गाडीचा रकाना नसतो.

उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रात स्लीपर घालून जा. गावाकडची द्राक्षबाग वडिलांच्या नावावर आहे, तिची आठवण काढू नका.

खरी कला पत्त्यात आहे. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी. ऑनलाइन फॉर्म भरताना नकाशावर एक फुगा येतो, तो आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. बोटाने जरा ढकलला की पाथर्डी फाट्यावरून उडतो तो थेट शाळेच्या फाटकाशी उतरतो. तिथं मेव्हण्याचा फ्लॅट आहेच. भाडेकरार नोंदवून घ्या, आणि कुणी बघायला येईल म्हणून गॅलरीत पोराच्या दोन चड्ड्या वाळत घाला.

तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताईंनीही फॉर्म भरला होता. त्यांचं उत्पन्न खरंच तेवढं आहे. पण घरमालक भाडेकरार करून देईना, म्हणून कागदपत्रांतच अडकल्या. नियम म्हणजे नियम.

शाळेचं वाईट वाटून घेऊ नका. सरकार मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतं. म्हणजे देणार असतं. कोरोनाच्या वर्षी तेच ८,००० वर आणले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर नामी तोड काढली होती: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेची २५ टक्क्यांतून सुटका. उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ते रद्द केलं म्हणून तुम्ही वाचलात. नाहीतर पोराला मनपाच्या शाळेत बसायची पाळी होती, तीही ताईंच्या पोरीशेजारी.

सोडतीत नंबर लागला की सोसायटीत पेढे वाटू नका. तक्रारी तिथूनच होतात.

आणि होमस्कूलिंगचं, म्हणजे पोराला घरीच शिकवायचं खूळ काढून टाका. त्याला सरकार दमडी देत नाही, वर दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा. ताईंची पोरगी परवा आईबरोबर आली होती, ओट्याखाली बसून तुमच्या पोराचं केजीचं जुनं पुस्तक चाळत होती. आवडलं तर देऊन टाका तिला. मधल्या पानांत केजीच्या फीची पावती राहिली आहे, तेवढी आधी काढून घ्या.