खुर्चीतला खु

खुर्चीतला खु ऱ्हस्व असतो. हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, गेल्या रविवारी दुपारी, आई, बायको आणि चौथीतला मुलगा यांच्यादेखत सांगण्यात आलं. सांगणारे गृहस्थ बसून सांगत होते. आम्ही चौघं उभे होतो. हा तपशील लक्षात ठेवा.

कारण नेहमीचंच. मुलाला शाळेतून 'आपले शहर' असा प्रकल्प मिळाला होता, म्हणजे मला मिळाला होता. पेठेतल्या एका जुन्या वाड्यात शहराच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे, असं कळलं. 'विनामूल्य' ऐकल्यावर आईनेही साडी बदलली. आम्ही कात्रजला राहतो. त्या विनामूल्य प्रवेशापर्यंत पोचायला रिक्षाचे २१० रुपये पडले.

दारातच टेबल. टेबलावर फुगलेली वही, वहीला सुतळीने बांधलेलं पेन आणि वहीमागे निळ्या शर्टातले ते गृहस्थ. त्यांच्याकडे खुर्च्या दोन होत्या. एकीवर ते, दुसरीवर त्यांचा डबा. डब्यावर घडी घातलेला नॅपकिन. नाव, पत्ता, मोबाइल, माणसं किती, सगळं लिहून दिलं. शेवटचा रकाना होता 'भेटीचा उद्देश'. मी लिहिलं, 'संग्रहालय पाहणे'.

"हे सगळेच लिहितात," ते म्हणाले.

"मग?"

"मग नेमका उद्देश काय?"

"मुलाचा प्रकल्प आहे."

"म्हणजे शैक्षणिक. मग शैक्षणिक लिहा ना. आणि आजींचा?"

आजींचा उद्देश आजींनाही सांगता येईना. त्यांनी वही स्वतःकडे ओढून 'सोबत' असं लिहिलं. बायकोचा उद्देश कुणी विचारलाच नाही. त्याचा तिला अजून राग आहे.

पहिल्या खोलीत राष्ट्रकूटांच्या ताम्रपटाची माहिती होती. इ. स. ७५८ च्या ताम्रपटात या भागाचा 'पुण्यविषय' असा उल्लेख आहे, म्हणजे पुणेकरांच्या अभिमानाला साडेबाराशे वर्षांचा लेखी आधार आहे. पण त्या फलकावरची ट्यूबलाइट फडफडत होती. ती पेटली की राष्ट्रकूट दिसायचे, विझली की जायचे. मुलाच्या वहीत 'राष्ट्रकू' एवढंच उतरलं.

दुसऱ्या खोलीत मी रमलो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून पार शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. नळाला मध्ये मध्ये हवा जायला उच्छ्वास बांधलेले. हे मी मुलाला छाती फुगवून सांगत असताना सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की आजचा टँकर संध्याकाळी येईल, पाणी जपून वापरावे. कात्रजचं पाणी शनिवारवाड्याला गेलं, कात्रजला मात्र टँकर. शेजारच्या फलकावर १६६३ मधल्या लाल महालाच्या छाप्याची गोष्ट होती. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शाहिस्तेखानाच्या फौजेला कात्रजच्या घाटाकडे कसं पळवलं वगैरे. "म्हणजे फसवलं ना?" मुलाने विचारलं. "हो," बायको म्हणाली, "बिल्डरने आपल्याला चोवीस तास पाणी सांगून दाखवला, तोच घाट."

तिसऱ्या खोलीत पानशेतचा पूर होता.

तिथे आई थांबली. १२ जुलै १९६१ ला ती दहा वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहत होती. फोटोखाली नुसतं 'पूरग्रस्त भाग' असं छापलेलं. आईने काचेवर बोट ठेवलं आणि बोलायला लागली. वाड्याच्या पायऱ्या एकेक करत कशा बुडाल्या, सगळ्या बिऱ्हाडांनी वरच्या मजल्यावर कसं गर्दीत बसून काढलं, पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखलात तिची आई भांडी कशी शोधत होती आणि एक तांब्याची घागर जिन्याच्या कठड्यात कशी अडकलेली सापडली. ती घागर आमच्याकडे अजून आहे. तिच्या कुशीला तेव्हाचा पोचा आहे. लहानपणी मी तो मीच पाडला असं समजत होतो, कारण माझ्या घरी काहीही पोचलेलं असलं की ते मीच पोचवलेलं असायचं.

आई बोलत होती तशी दोन अनोळखी मुली, एक सायकलवाले काका आणि त्यांची नात असे येऊन उभे राहिले. दहा मिनिटांत अख्ख्या संग्रहालयात सगळ्यात जास्त गर्दी माझ्या आईसमोर होती. आणि मग तिने गुडघा धरला.

मी खुर्ची शोधायला निघालो. तिन्ही खोल्या फिरलो. एक खुर्ची होती, शिसवी, नक्षीदार, भोवती दोरी आणि 'बसू नये'. बाकडं नाही, स्टूल नाही, खिडकीच्या कट्ट्यावर खिळे ठोकलेले, बहुधा आमच्यासारख्यांसाठीच. मग दारात आलो.

"आईला दोन मिनिटं बसायचंय. ती खुर्ची देता का?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. डब्याचं मत घेतल्यासारखं वाटलं.

"ती कार्यालयीन आहे."

"त्यावर डबा आहे."

"डबा कार्यालयीन वेळेतला आहे."

तोवर आई स्वतःच हळूहळू आली आणि उंबऱ्यावर टेकली. "आजी, उंबऱ्यावर बसू नये," ते म्हणाले. नारायण पेठेत वाढलेल्या बाईला हे सांगायला धाडस लागतं. आई म्हणाली, "मग तुम्ही बसा इथे, मी तिथे बसते." ते हसले. उठले मात्र नाहीत.

इथे मला खरोखर संताप आला आणि तो अजून पूर्ण उतरलेला नाही. फुकट आहे ना, मग काय बोलायचं, असं आपणच आपल्याला समजावतो. पण फुकट कुठे असतं? ट्यूबलाइट बदलायला, एक बाकडं टाकायला, स्वच्छतागृहाचं कुलूप काढायला (त्याची किल्ली 'साहेबांकडे' होती, साहेब सोमवारी येतात) लागतात ते पैसे कुणाच्या तरी करातूनच येतात. पूर फोटोत जपायचा आणि ज्या बाईच्या घरात तो शिरला तिला उभं ठेवायचं, हा काय प्रकार आहे? बरं, आई भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पदराने घाम पुसत म्हणाली, "राहू दे रे, त्यांचं जेवायचं राहिलंय."

म्हणून मी अभिप्रायाची वही मागितली. एक पान भरून लिहिलं. 'संग्रहालय उत्तम आहे, परंतु ज्येष्ठांना बसण्यासाठी एकही खूर्ची नाही...' इथपासून सुरुवात करून मी करदात्याच्या हक्कांपर्यंत पोचलो. सही केली, तारीख टाकली. त्यांनी वही फिरवून घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पूर्ण पान वाचलं. मला वाटलं, लागलं मनाला. त्यांनी शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं आणि एका अक्षराभोवती गोल केला.

"खुर्ची. ऱ्हस्व."

"काय?"

"जोडाक्षराच्या आधीचा उकार ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ काढलाय."

"अहो, मुद्दा काय, तुम्ही बोलताय काय?"

"मुद्दा पोचला. वही कायमची राहते, शाळेची मुलं वाचतात."

मी मराठी माध्यमातला आहे. याचा मी नको तिथे उल्लेख करतो. मला हे सोसेना. "मग मूर्खातला मू दीर्घ कसा?" मी विचारलं. "तिथेही जोडाक्षरच आहे!"

"तो तत्सम आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मूर्ख संस्कृतातून जसाच्या तसा आला. खुर्ची मूळ अरबी, कुर्सी. आपल्याकडे पूर्वी बैठक असायची. लोड, तक्के. पेशवे काय खुर्चीवर बसत होते?"

म्हणजे एकाच वाक्यात माझं व्याकरण चुकलं, आईची मागणी अनैतिहासिक ठरली आणि मूर्ख कोण याचा निकालही लागला. सायकलवाले काका "बरोबर आहे, बरोबर आहे" असं म्हणत मान डोलवत होते. हेच काका दहा मिनिटांपूर्वी आईच्या पुराला डोळे पुसत होते. मुलगा वहीत काहीतरी लिहीत होता. बघितलं तर 'खुर्ची - अरबी'.

बाहेर पडताना त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचा डबा उचलला. माझा श्वास अडकला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, नॅपकिन पसरला आणि मोकळ्या झालेल्या खुर्चीवर पाय.

रात्री शब्दकोश काढला. ऱ्हस्वच आहे. मुलाच्या प्रकल्पासाठी फोटो चाळत होतो, तर एका फोटोत ते गृहस्थ, त्यांची वही, त्यांचा डबा आणि डोक्यामागे रंगवलेली पाटी स्पष्ट आली होती: 'वस्तुंना हात लावु नये'. मी फोटो मोठा केला. वस्तुंना. लावु. एका ओळीत दोन, तेही रोज त्यांच्या टाळूपासून वीतभर अंतरावर!

मी सगळ्यांना उठवून दाखवलं. येत्या रविवारी परत जाणार आहे, लाल पेन घेऊन. उद्देशाच्या रकान्यात 'शैक्षणिक' लिहिणार आहे.

आई म्हणाली, "पेन कशाला? माळ्यावर घडीची खुर्ची आहे, ती ने."