लिफाफा आणि पेन्सिल

जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सांगलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ चौघांनी टाकला. लेस्टर ईस्टच्या नव्या खासदार शिवानी राजा हातात भगवद्गीता घेऊन ब्रिटनच्या संसदेत शपथ घेतायत. खाली जोडलेले हात, झेंडे आणि माझ्या नावानं हाक: "तुझ्याच गावातली ना गं? वाजवलं की आपल्या पोरीनं!"

गाव माझंच, मतदारसंघही माझाच. पण कुणी कुणाला वाजवलं, हे लेस्टरच्या मेल्टन रोडवरून बघितलं तर जरा वेगळं दिसतं.

४ जुलैच्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रिटनभर मजूर पक्षाची लाट होती. ६५० पैकी ४११ जागा त्यांच्या, सुनक यांचा हुजूर पक्ष १२१ वर आलेला. मजूर पक्षानं २०१९ ला जिंकलेली एकच जागा हुजूर पक्षानं त्या रात्री हिसकावली, ती आमची. १९८७ पासून इथे दुसऱ्या पक्षाचा माणूस निवडून आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर घेताना मी दुकानवाल्या बेनना विचारलं, हे झालं कसं? बेनचे वडील १९७२ ला युगांडाच्या हुकूमशहा इदी अमीननं तिथल्या भारतीयांना हाकलल्यावर कंपालाहून आले. त्या वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती: घरं भरली, शाळा भरल्या, लेस्टरला येऊ नका. नगरपालिका तेव्हा मजूर पक्षाकडे होती, आणि लोकांना देशात घेणारं सरकार हुजूर पक्षाचं. तरी बेनच्या घरातलं मत पन्नास वर्षं मजूर पक्षाला. या वेळी दिलं नाही. का, तर "लंडनथी माणस मोकल्यो, बोलो!" लंडनहून माणूस पाठवला म्हणून. मजूर पक्षाचे उमेदवार राजेश अगरवाल, लंडनचे माजी उपमहापौर, जन्म इंदूरचा. म्हणजे 'आपला' म्हणायचं तर तेही आपलेच. शिवाय या मतदारसंघाचे दोन्ही माजी खासदार, कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब, पक्षाबाहेर पडून रिंगणात उतरलेले. दोघांनी मिळून नऊ हजारांवर मतं खाल्ली आणि शिवानी राजा साडेचार हजारांच्या आत-बाहेर मताधिक्यानं निवडून आल्या. गीतेचा विषय दुकानात निघालाच नाही. कचऱ्याच्या गाड्यांचा आणि डॉक्टरच्या वेळेचा निघाला.

सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. महिनाभर आधी, ४ जूनला, आपण तेच केलं. महाविकास आघाडीनं जागा वरच्या वर ठाकरेंच्या शिवसेनेला सोडली, चंद्रहार पाटलांना उभं केलं, आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष लढून लाखभर मतांनी आले. राज्यातल्या ४८ जागांत अपक्ष तेवढे एकच. तेव्हा ग्रुपवर कुणी म्हटलं नाही की हा अमुक धर्माचा विजय. सगळे म्हणाले, वरून माणूस लादला की सांगलीकर असंच करतो. मग लेस्टरकराला तेवढीच अक्कल असेल, असं का धरत नाही आपण?

त्याच रात्री पलीकडच्या लेस्टर साउथमध्ये मंत्री होणार म्हणून ज्यांचं नाव घेतलं जात होतं ते जोनाथन ॲशवर्थ पडले आणि शॉकट ॲडम हे अपक्ष आले. तिथे गाझाचा मुद्दा होता. ते व्हिडिओही भारतात फिरले, फक्त खालचे शेरे वेगळे.

ग्रुपवरचा दुसरा वाद ईव्हीएमचा. "बघा, इंग्लंडात कागदावर शिक्का मारतात, तरी सकाळी निकाल!" शिक्का नसतो बाबांनो, पेन्सिल असते, दोरीला बांधलेली. खोडरबरानं मतं पुसतात म्हणून घरून पेन न्या, असा प्रचार २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात इथेही झाला होता. मतपत्रिकेवर क्रमांक छापलेला असतो आणि तो कुणाला दिला हे यादीत लिहून ठेवतात. आपल्याकडे असं असतं तर केवढा गहजब! आणि मोजणीचं म्हणाल, तर आमच्याकडे पन्नास हजारांच्या आत कागद. सांगलीत मतं पडली अकरा लाखांच्या वर. कागद हवा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण दाखला देताना भागाकार तरी करा.

एका गोष्टीचं मला सुरुवातीला फार कौतुक होतं: इथली शांतता. निकालाच्या दिवशी ना गुलाल, ना जेसीबीवरून फुलं. दुपारपर्यंत पंतप्रधानपदावरून सुनक गेले, स्टार्मर आले, आणि ऑफिसात गप्पा शनिवार-रविवारी पाऊस आहे का याच्या. पण शेजारच्या आजोबांशी बोलल्यावर कौतुक जरा उतरलं. होजिअरीच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. मत दिलं का विचारलं तर म्हणाले, कशाला? नुसतं आळसाचं वाटलं असतं, पण आकडे त्यांना पाठ होते. स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाला ४० लाखांवर मतं, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी मतं, जागा ७२. मजूर पक्षाला शंभरातली ३४ मतं आणि तेवढ्यावर जवळजवळ दोन-तृतीयांश संसद. शंभरातले चाळीस घरातून निघालेच नाहीत, त्यांत हे एक. मला रिफॉर्मचं राजकारण मुळीच पटत नाही (त्यांचं चाललं तर माझ्यासारखीचं इथे काय होईल, हे आजोबांना मी विचारलं नाही), पण त्यांचा हिशोब खोडता आला नाही. ही शांतता समजूतदारपणाची किती आणि 'मरू दे' वाली किती, हे तेव्हापासून मला नीट सांगता येत नाही.

मी मात्र मत दिलं. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून इथे राहताना मला तो हक्क आहे. ओळखपत्र म्हणून अशोकस्तंभाचा निळा पासपोर्ट दाखवला, बाईंनी फोटो आणि चेहरा ताडून पाहिला आणि कागद हातात दिला. दोन महिन्यांपूर्वी, ७ मेला, सांगलीत मतदान होतं. तिथे त्याच पासपोर्टावर मत द्यायचं तर प्रत्यक्ष जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. रजा मिळाली नाही.

हे बेनना सांगितलं तर त्या हसल्या. "पछी तमारे त्यां कोण जीत्युं?"

"लिफाफा," मी म्हणाले.

"लिफाफो? एटले?"

मग वसंतदादांपासून सुरुवात केली. मागे दुधाचे कॅन घेऊन तिघं उभे होते.